दिव्यात तेल असू द्यावे

(तेलगाव येथे ज्युबिलीपूर्व त्रिदिन प्रार्थनेच्या दुसऱ्या सायंकाळी धर्मगुरूंनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्युबिली हा उपकारस्मरणाचा सण होय. या दिवसांत आपण आपल्या वाडवडिलांची आठवण करतो, ज्यांनी आपल्या कुळात प्रथम बाप्तिस्मा स्वीकारला त्यांच्यासाठी प्रार्थना करतो आणि मराठवाड्याच्या उन्हातान्हात पायपीट करून ज्या मिशनऱ्यांनी आपल्यापर्यंत शुभवर्तमान आणले त्यांना धन्यवाद देतो. हे सर्व योग्यच आहे. परंतु ख्रिस्ती मनुष्याला केवळ मागे पाहून भागत नाही. दर रविवारी आपण उभे राहून विश्वासांगीकार म्हणतो, त्यात प्रभू जन्मला, मरण पावला व पुन्हा उठला एवढेच म्हणून थांबत नाही. जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करावयास तो पुन्हा येणार आहे, हेही त्याच दमात म्हणतो. हा भाग आपण ओठांनी म्हणतो खरा. पण मनाने त्यावर किती वेळ ठरतो?

म्हणून या तीन सायंकाळींपैकी एक सायंकाळ प्रभूच्या पुनरागमनाच्या चिंतनाला द्यावी असे मी योजिले. काळही त्यास अनुकूल आहे. दसरा तोंडावर आला आहे. दसरा-दिवाळी आटोपली की आपल्यातील कित्येक घरांना कुलपे लागतील आणि माणसे ऊसतोडीसाठी फडावर जातील. नोव्हेंबरच्या अखेरीस ख्रिस्तराजाचा सण येतो व त्यामागून आगमनकाळ लागतो. त्या आठवड्यांत ख्रिस्तसभा जागे राहण्याविषयीची शुभवर्तमाने आपल्यापुढे ठेवते. आणि नेमकी तेव्हाच ती ऐकावयाची माणसे देवळात नसतात, कोपीत असतात. जे तेव्हा तुम्हांस ऐकता येणार नाही, ते आजच सांगून ठेवतो.

चिंतनासाठी मत्तयकृत शुभवर्तमानाच्या २५ व्या अध्यायातील दहा कुमारींचा दृष्टांत घेऊ. आपल्या रीतीप्रमाणे बोलावयाचे तर त्या दहाजणी करवल्याच होत्या. दिवे घेऊन नवरदेवाला सामोरे जाणे एवढेच त्यांचे काम. पाचजणींनी दिव्याबरोबर कुपीत तेल घेतले, पाचजणींनी घेतले नाही. नवरदेवाला उशीर झाला. मध्यरात्री हाक आली. ज्यांच्याजवळ तेल होते त्या त्याच्याबरोबर आत गेल्या. ज्या तेल विकत आणावयास धावल्या त्या परत आल्या तो दार बंद झाले होते. आपल्या गावाच्या नावातच तेल आहे, बंधूंनो. तेव्हा हा दृष्टांत तेलगावकरांना तरी परका वाटू नये.

या दृष्टांतावरून मी तीन गोष्टी सांगणार आहे. पहिली, प्रभूच्या येण्याची घटका कोणासही सांगितलेली नाही. दुसरी, जागे राहणे म्हणजे काय. तिसरी, तो येईल तेव्हा हिशोब कशाचा मागेल.

पहिली गोष्ट. त्या दिवसाविषयी व त्या घटकेविषयी स्वर्गातील दूतांनाही ठाऊक नाही, असे खुद्द प्रभूनेच सांगितले आहे. इतके स्पष्ट सांगूनही माणसाला तारीख हवीच असते. १८४३-४४ साली अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या गृहस्थाने पवित्र शास्त्रातील आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून प्रभूच्या येण्याचा काळ काढला; त्याच्या अनुयायांनी अखेर २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नक्की केला आणि सहस्रावधी लोक वाट पाहत बसले. तो दिवस इतर दिवसांसारखाच मावळला. आपल्या देशात १९६२ सालच्या फेब्रुवारीत मकर राशीत आठ ग्रह एकत्र येणार म्हणून केवढी घबराट झाली, हे येथील वृद्धांच्या स्मरणात असेल. ती अष्टग्रही ३ ते ५ फेब्रुवारीस होती. ठिकठिकाणी यज्ञयाग झाले, लोकांनी प्रवास टाळले. ग्रह आपल्या वाटेने गेले. १९७९ साली स्कायलॅब नावाची अमेरिकेची अंतराळातील प्रयोगशाळा कोसळणार म्हणून खेडोपाडी लोक भ्याले. ११ जुलैला तिचे तुकडे हिंदी महासागरात व पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पुढे २१ डिसेंबर २०१२ ही तारीख झाली, तीही गेली. आज अशा तारखा मोबाईलवरून घरोघर येतात, आणि हा संदेश दहाजणांना न पाठविल्यास अनिष्ट होईल अशी धमकीही बरोबर असते. ख्रिस्ती माणसाने असला संदेश वाचून खुशाल पुसून टाकावा. त्यात ना श्रद्धा आहे, ना शास्त्र.

परंतु आता दुसरी बाजू पाहा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपतीचे विसर्जन करून लोक उशिरा घरी येऊन निजले होते. चार वाजण्याच्या सुमारास किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर व तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांतील दगडमातीच्या जाड भिंती आणि मातीने जड झालेली धाबी निजलेल्या माणसांवर कोसळली. सुमारे आठ हजार माणसे गेली. किल्लारी आपल्यापासून काही परमुलखात नाही. त्या पहाटेचा हादरा आपल्या जिल्ह्यालाही जाणवला होता. ही तारीख कोणत्याही पंचांगात नव्हती, कोणत्याही उपदेशकाने ती सांगितली नव्हती. जे दिवस सांगितले गेले ते रिकामे गेले. आणि जी रात्र कोणीही सांगितली नाही, ती आली.

येथे कोणी असे समजू नये की किल्लारीचे लोक आपल्यापेक्षा अधिक पापी होते म्हणून देवाने त्यांना दंड केला. हा विचार प्रभूने स्वतः खोडून काढला आहे. यरुशलेमात शिलोहाचा बुरूज पडून अठराजण ठार झाले होते. त्यांच्याविषयी बोलताना प्रभूने विचारले की ते काय इतरांहून अधिक अपराधी होते? आणि उत्तरही त्यानेच दिले, मुळीच नाही. पण त्याबरोबर ऐकणाऱ्यांना त्याने पश्चात्तापाची आठवण करून दिली. दुसऱ्याचे मरण पाहून त्याचा न्याय करावयाचा नाही. आपला दिवा तपासावयाचा.

जगाचा अंत आपल्या हयातीत होईल वा न होईल. आपापला अंत मात्र प्रत्येकाने पाहावयाचाच आहे. आपल्या धर्मशिक्षणात मरण, न्याय, स्वर्ग व नरक या चार अंतिम गोष्टी लहानपणीच पाठ करून घेतल्या जात, त्या उगीच नव्हेत. सन ४१९ च्या सुमारास सालोना येथील बिशप हेसिकियुस यांनी संत अगस्तीन यांना पत्र लिहून जगाचा अंत जवळ आला आहे काय असे विचारले. अगस्तीनांनी लांबलचक उत्तर पाठविले, त्याचे सार असे की प्रभूचे येणे जवळ आहे असे म्हणणारा वा दूर आहे असे म्हणणारा त्या येण्यावर प्रेम करतो असे नव्हे. ते जवळ असो वा दूर, जो श्रद्धेने, आशेने व प्रीतीने त्याची वाट पाहतो, तोच त्यावर खरे प्रेम करतो. सोळाशे वर्षे झाली, या उत्तरात आजही काही बदलावे लागत नाही.

आता दुसरी गोष्ट. जागे राहणे म्हणजे काय? काहींना वाटते, जागे राहणे म्हणजे कामधंदा सोडून आकाशाकडे पाहत बसणे. थेस्सलनीका येथील मंडळीत असे लोक निघाले होते. प्रभू आलाच, आता राबावयाचे कशाला, असे म्हणून ते इतरांच्या घरी जेवू लागले. संत पौलाने त्यांना पत्र लिहून सुनावले की ज्याला काम करावयास नको त्याने खाऊही नये. दुसऱ्या व्हॅटिकन महासभेनेही १९६५ साली हेच शिकविले, की नव्या पृथ्वीच्या आशेमुळे या पृथ्वीची काळजी कमी होता कामा नये, उलट ती वाढली पाहिजे.

दृष्टांतात एक बारकावा आहे, तो पुष्कळांच्या लक्षात येत नाही. झोप केवळ मूर्ख कुमारींनाच लागली नव्हती. दहाहीजणींना लागली होती. नवरदेवाला उशीर झाला तेव्हा सर्वच पेंगल्या व निजल्या. शहाण्यांना प्रभूने झोपेबद्दल दोष दिला नाही. फरक डोळ्यांत नव्हता, कुपीत होता. यावरून हे उघड आहे की जागरूकता म्हणजे निद्रानाश नव्हे, भीतीने थरथरत राहणे नव्हे. हाक येईल त्या क्षणी उठून चालू लागता यावे अशी तयारी आधीच करून ठेवणे, याचे नाव जागरूकता.

आणि हे तुम्हांला मी काय शिकवावे? फडावरची रात्र तुम्हांला ठाऊक आहे. पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवावी, भाकरी बांधून घ्यावी, उजाडता उजाडता फडात उतरावे. दिवसभर तोडावे, मोळ्या बांधाव्या. सायंकाळी कोपीत येऊन अंग टाकावे तो गाडीची हाक येते. ट्रक दहाला येईल, बाराला येईल, दोनला येईल. कोणी सांगत नाही. गाडी आली की टोळीने उठावे, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून चढावे व गाडी भरून द्यावी. तेथे कोणी असे म्हणत नाही की आता मी चुंबळ शोधतो, आता मी माझ्या कोयत्याला धार लावतो. जे हवे ते उशाशी असते. निजलेले असूनही तुम्ही तयार असता. मजुरीसाठी जी तयारी शरीराने करता, तीच आत्म्याने प्रभूसाठी करावी, एवढेच या दृष्टांताचे मागणे आहे.

तेल म्हणजे काय, याविषयी प्राचीन आचार्यांनी पुष्कळ लिहिले आहे. कोणी त्याला प्रीती म्हटले, कोणी दानधर्म व सत्कृत्ये म्हटले. दोन्ही अर्थ एकच आहेत, कारण कृतीवाचून प्रीती म्हणजे तेलावाचून वात. मूर्ख कुमारींनी तेल उसने मागितले तेव्हा शहाण्यांनी दिले नाही. वाचताना हे कठोर वाटते. पण ते देता येण्यासारखेच नव्हते. आईची प्रार्थना मुलाला साहाय्य करील. परंतु मुलाचा पश्चात्ताप आई करू शकणार नाही. बापाने आयुष्यभर उपाशी माणसाला घास दिला, ते पुण्य दारुड्या लेकाच्या नावे मांडता येणार नाही. आपल्या जिल्ह्यात उचलीवर सर्व काही मिळते. लग्नाला उचल, दवाखान्याला उचल, बैलजोडीला उचल. मुकादमाकडून पैसे घ्यावे आणि हंगामभर कोयत्याने फेडावे. परंतु बंधूंनो, या एका गोष्टीची उचल मिळत नाही. ते तेल ज्याचे त्याने, रोज थोडे थोडे करून, आधीच साठवावयाचे असते.

तिसरी गोष्ट, हिशोबाची. पट्टा पडतो, कारखान्याचे गाळप संपते, तेव्हा मुकादम वही उघडतो; किती टन तोडले, किती खाडे झाले, किती उचल फिटली, किती अंगावर राहिली. प्रभूही वही उघडणार आहे. त्या वहीत काय लिहिलेले असेल, ते त्याने लपवून ठेवलेले नाही. त्याच २५ व्या अध्यायाच्या शेवटी ते सांगितले आहे. भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी, बंदिवान. यांच्याशी जे केले ते माझ्याशी केले, असे राजा म्हणणार आहे. तारखेचे गणित कोणास बरोबर आले होते, असा प्रश्न तो कोणालाही विचारणार नाही.

म्हणून प्रभूच्या पुनरागमनाचा विचार करताना मला आकाशातील चिन्हांपेक्षा आपल्या जिल्ह्यातील काही आकडे अधिक भय घालतात. २०११ च्या शिरगणतीत आपल्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे अवघ्या ८०७ मुली होत्या. उरलेल्या कोठे गेल्या? त्यांना जन्मच दिला गेला नाही. २०१९ साली राज्य शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत असे आढळले की आपल्या जिल्ह्यातील ८२ हजारांहून अधिक ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची गर्भाशये काढून टाकलेली होती. काही खरोखर आजारी असतील. पण खाडा पडू नये, मजुरी बुडू नये, या धाकाने किती बायांनी चाकूखाली देह दिला असेल? जो राजा आजाऱ्यांविषयी विचारणार आहे, तो यांच्याविषयी विचारल्यावाचून राहील काय? आणि हा प्रश्न केवळ डॉक्टरांना व मुकादमांना नाही. नवऱ्याला आहे, सासूला आहे, शेजाऱ्याला आहे, आणि हे सर्व पाहून वेदीवरून गप्प राहणाऱ्या धर्मगुरूलाही आहे.

मत्तयच्या २४ व्या अध्यायात एका कारभाऱ्याची गोष्ट आहे. धन्याने त्याला घरच्या चाकरांना वेळेवर अन्न देण्यासाठी नेमले. धनी उशीर करीत आहे असे पाहून तो सोबतच्या चाकरांना मारू लागला आणि दारुड्यांबरोबर खाऊपिऊ लागला. धनी अकल्पित घटकेस आला. प्रिय मुकादमांनो, तुमच्यापैकी कोणी येथे बसले असतील तर रागावू नका. पण हा दृष्टांत आधी तुमच्यासाठी आहे. आणि ज्याच्या हाती केवळ एकच बायको व दोन लेकरे आहेत, त्या प्रत्येक पुरुषासाठीही आहे. कारण तोही आपल्या घरचा कारभारी आहे. फडावर संध्याकाळी गुत्त्याची वाट धरणारा आणि रात्री कोपीत हात उगारणारा मनुष्य मनात असेच म्हणत असतो की धनी अजून दूर आहे.

ज्युबिली या शब्दाचा मूळ अर्थही येथे ध्यानात घ्यावा. लेवीय पुस्तकाच्या २५ व्या अध्यायाप्रमाणे पन्नासाव्या वर्षी रणशिंग फुंकले जाई, गहाण गेलेली जमीन मूळ कुळाला परत मिळे आणि कर्जापायी दास झालेला मनुष्य आपल्या घरी जाई. तेव्हा ज्यांचे कोणाकडे येणे असेल, त्यांनी या ज्युबिलीत निदान एका गरिबाच्या फिरतीत थोडी सूट द्यावी. देवळाच्या रंगकामाला दिलेल्या देणगीपेक्षा ते तेल अधिक काळ जळेल.

आता काही व्यावहारिक सूचना करून भाषण आवरतो.

जे फडावर जाणार आहेत त्यांनी निघण्यापूर्वी पापनिवेदन करून पवित्र कम्युनियन घ्यावे. उसाने भरलेल्या गाड्या उलटतात, फडात साप निघतात. कोण परत येईल हे कोणी सांगू शकत नाही. जेथे जाल तेथले देऊळ कोठे आहे ते विचारून घ्या. सांगली, सातारा, सोलापूर या बाजूस पुणे धर्मप्रांताची, नगरकडे नाशिक धर्मप्रांताची आणि सीमेपलीकडे बेळगाव धर्मप्रांताची देवळे आहेत. तेथील धर्मगुरू तुमचेच आहेत. मरणसंकटात धर्मगुरू मिळाला नाही तर आजाऱ्याच्या कानाशी पश्चात्तापाची प्रार्थना म्हणा. देवावरील प्रीतीमुळे झालेला पूर्ण पश्चात्ताप, पापनिवेदनाची इच्छा मनात असताना, पापक्षमा मिळवून देतो, अशी ख्रिस्तसभेची शिकवण आहे. कोपीत बाळ जन्मले आणि जगेल असे दिसत नसेल, तर कोणीही, मग ती सुईण का असेना, ख्रिस्तसभेला जे अभिप्रेत आहे तेच करण्याच्या हेतूने, त्याच्या मस्तकावर पाणी ओतून पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांच्या नावाने बाप्तिस्मा देऊ शकते. हे शब्द प्रत्येक टोळीतील निदान दोघांना पाठ असावेत. आणि रात्री गाडीची वाट पाहत पडला असाल, तेव्हा रोझरीचे एक दशक म्हणा. त्याला दिवा लागत नाही, पुस्तक लागत नाही.

जे गावी राहणार आहेत त्यांनी मागे राहिलेल्यांचे पालक व्हावे. म्हाताऱ्या माणसांच्या दारी आठवड्यातून एकदा तरी जावे, ते जेवले की नाही हे पाहावे. शिकणाऱ्या मुलांना फडावर जाऊ देऊ नये. हंगामी वसतिगृहात वा नातलगाच्या घरी ठेवून त्यांची शाळा चालू ठेवावी. आणि मुलगी एकटी मागे ठेवण्याची भीती वाटते म्हणून अठरा वर्षांच्या आत तिचे लग्न उरकण्याचा विचार कोणी करू नये. कायदा त्याला मनाई करतो. आणि देव त्या लेकराचा हिशोब आपल्याजवळ मागेल. तिला सांभाळावयास आपली सारी ख्रिस्ती वस्ती आहे. नसेल तर वस्ती हे नाव आपण कशासाठी धारण करावे?

आणि आपण सर्वांनीच रात्री निजण्यापूर्वी दोन मिनिटे मनाची झडती घ्यावी. आज कोणाला दुखविले, कोणाचे ठेवून घेतले, कोणाला क्षमा केली नाही. जमले तर उद्याच ते मिटवावे. दिव्यात तेल असेच भरले जाते. वर्षातून एकदा घागरभर नव्हे, रोज पळीभर.

बंधुभगिनींनो, प्रभूच्या येण्याला शुभवर्तमानात लग्नघराची उपमा दिली आहे, हे विसरू नका. चोराचीही उपमा आहे, ती निष्काळजी माणसासाठी. पण जो वाट पाहतो त्याच्यासाठी येणारा चोर नाही, नवरदेव आहे. पहिले ख्रिस्ती लोक अरामी भाषेत मारानाथा म्हणत, म्हणजे प्रभो, ये. जगाचा अंत व्हावा म्हणून ते असे म्हणत नसत. ज्याच्यावर प्रीती होती त्याचे मुख दिसावे म्हणून म्हणत. आपणही भीतीने नव्हे, त्याच प्रीतीने जागे राहू.

आपण उभे राहून प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू मध्यरात्री येशील वा भरदुपारी, देवळात येशील वा फडात, आम्हांला तुझी हाक ओळखू दे. जे दूर जात आहेत त्यांना सांभाळ, जे मागे राहत आहेत त्यांना एकमेकांचे कर. आमच्या हातून ज्यांचे काही हिरावले गेले, त्यांना ते परत देण्याचे बळ आम्हांला दे. पवित्र मरीये, आमच्या माते, आणि चांगल्या मरणाच्या आश्रयदात्या संत योसेफा, आमच्या अंतिम घटकेस आमच्याजवळ उभे राहा, आणि आमच्या दिव्यात तेल असू द्या. आमेन.